मोटारीची लाकडी प्रतिकृती : मापन, जुळणी व रंगकाम यांचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी, कार्यानुभव, गणित व चित्रकला यांचा समवाय, ४० मिनिटांच्या ८ तासिका)

पोळ्याचा दुसरा दिवस हा आपल्या भंडारा जिल्ह्यात बालगोपाळांचा दिवस होय. तान्ह्या पोळ्यास मुले चाकांवर बसविलेला लाकडी नंदी दोरीने ओढीत घरोघर जातात आणि वडीलधारी मंडळी नंदीची पूजा करून मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात. वर्षातून एक दिवस मिरविणाऱ्या या नंदीकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. चार चाके, दोन आस, एक पाट, पाटावर घडविलेली आकृती आणि तिजवर चढविलेला रंग, एवढाच या खेळण्याचा संसार आहे. मोटारीच्या प्रतिकृतीसही याहून अधिक काही लागत नाही.

फरक आहे तो एवढाच. नंदी हा आपल्या मनातील बैलासारखा दिसला म्हणजे पुरे. त्याचे वशिंड थोडे मोठे झाले तरी कोणी त्यास नाव ठेवीत नाही. प्रतिकृती मात्र प्रत्यक्ष वस्तूशी माप जुळवून करावी लागते. जे माप लांबीस, तेच रुंदीस, तेच उंचीस आणि तेच चाकासही लावावे लागते. खेळणे व प्रतिकृती यांच्यातील हा भेद मुलांच्या हाताला कळावा, हाच या पाठाचा मुख्य हेतू आहे. परीक्षक या नात्याने मला स्वतःला तो भेद उशिरा कळला. ती हकिगत शेवटी, मूल्यमापनाच्या ओघात सांगणार आहे.

१. पाठाचे प्रयोजन

हातांनी काम करताना बुद्धी शिकते, हा विचार विदर्भातील शिक्षकास नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली, आणि तीतूनच पुढे नयी तालीमचा प्रसार झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करावे, असे सुचविलेले आहे. गावात सुतार असतोच. लाकडाचे तुकडे त्याच्या दारात पडलेलेच असतात. तेव्हा प्रस्तुत पाठास खर्च थोडा आणि योजना मात्र पुष्कळ लागते.

या पाठातून पुढील गोष्टी साध्य व्हाव्यात : (अ) गुणोत्तर व प्रमाण यांचा व्यवहारात उपयोग करता येणे, (आ) मिलिमीटरपर्यंत अचूक मापणे, (इ) कामाचा क्रम पाळणे व घाई टाळणे, (ई) आपल्या हातून झालेली चूक ओळखून ती स्वतः दुरुस्त करणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत मोलाची आहे.

२. कोणती मोटार निवडावी

प्रतिकृतीसाठी विद्यार्थ्यांना नव्या चकचकीत मोटारींचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आजच्या मोटारींचे अंग सर्व बाजूंनी वळणदार असल्यामुळे ते लाकडात उतरविणे मुलांच्या हाताला जमत नाही. जुन्या धर्तीची मोटार बरी. तिचे अंग पेटीसारखे, छप्पर स्वतंत्र, दिवे वाटोळे आणि रेषा स्पष्ट असतात. त्यांतही आपल्या महाराष्ट्रात तयार झालेली मोटार घेतली, तर पाठास इतिहासाचाही आधार मिळतो.

अशी मोटार म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान व मोटार हे तिन्ही उद्योग या देशात उभारण्याचा ध्यास घेतला होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी परदेशी सुटे भाग जोडून गाड्या तयार होत. पुढे हळूहळू भागही येथेच बनू लागले. इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने १९६४ साली याच कंपनीने ‘फियाट ११०० डिलाइट’ ही मोटार काढली. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काळे अंग आणि पिवळे छप्पर ल्यालेली ही गाडी कित्येक दशके मुंबईची टॅक्सी म्हणून धावली. मुंबईत टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे अखेरची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली.

केंद्र शासनाने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणता येते. त्या हिशेबाने १९६४ ची ही गाडी आता त्या मानाच्या पंक्तीत बसते.

आपल्या मुलांपैकी बहुतेकांनी ही टॅक्सी चित्रपटातच पाहिली असेल. तथापि तिचे नाव त्यांना परके नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून गावोगाव उतारू नेणाऱ्या जीपगाडीसही आपल्याकडे ‘काळी-पिवळी’च म्हणतात. पाठाचा आरंभ याच शब्दापासून करावा. “या गाडीस हे नाव का पडले असेल?” एवढा एकच प्रश्न विचारला, तरी वर्ग बोलू लागतो.

त्याच वेळी आपल्या जिल्ह्याचा मोटारीशी असलेला संबंधही सांगावा. पोलाद कणखर होण्यासाठी त्यात मँगनीज मिसळावे लागते, आणि मँगनीजच्या खाणी तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे आहेत. लाखनीच्या बाजूस गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा वाहनउद्योगाचा कारखाना आहे. मोटार ही कोठे तरी दूर घडणारी वस्तू आहे, हा मुलांचा समज यामुळे दूर होतो.

३. माप काढणे

सर्व कामाचा पाया येथे आहे. या भागास दोन पूर्ण तासिका द्याव्यात. त्या कमी करू नयेत.

मूळ मोटारीची मापे स्थूलमानाने अशी आहेत :

लांबी ३९३ सेंटीमीटर
रुंदी १४६ सेंटीमीटर
उंची १४७ सेंटीमीटर
पुढील व मागील आसांमधील अंतर २३४ सेंटीमीटर
चाकाचा व्यास सुमारे ६० सेंटीमीटर

प्रतिकृती एकास वीस या प्रमाणात करावयाची आहे. म्हणजे मुळातील वीस सेंटीमीटर प्रतिकृतीत एक सेंटीमीटर होईल. मुलांकडून प्रत्येक संख्येस २० ने भागवून घ्यावे. लांबी १९.६५, रुंदी ७.३, उंची ७.३५, आसांमधील अंतर ११.७ आणि चाकाचा व्यास ३ सेंटीमीटर अशी उत्तरे येतील. लांबीचे उत्तर पाहून एखादा मुलगा “वीसच धरू या का?” असे विचारील. त्यास होय वा नाही असे उत्तर न देता, साडेतीन मिलिमीटरांचा फरक मुळातील मोटारीत किती होईल ते त्यालाच काढावयास सांगावे. ३.५ मिलिमीटर गुणिले २० म्हणजे ७० मिलिमीटर, अर्थात ७ सेंटीमीटर. मोटारवाल्याची गाडी सात सेंटीमीटर लांब निघाली तर ती कोठीत मावेल काय? मुले हसतात, आणि मापातील काटेकोरपणा कशासाठी हे न सांगता समजते.

एवढ्या पाच मापांवर मात्र मोटार तयार होत नाही. पुढील पेटी कोठे संपते, काच कोठे सुरू होते, दार किती रुंद आहे, ही मापे कोठून आणावयाची? यासाठी गाडीचे अगदी सरळ बाजूने घेतलेले एक छायाचित्र मिळवावे. तिरक्या बाजूचे चित्र मुळीच घेऊ नये. त्यात जवळचा भाग मोठा व दूरचा लहान दिसतो. समजा, छायाचित्रात दोन्ही आसांमधील अंतर ७.८ सेंटीमीटर भरले. आपल्या प्रतिकृतीत ते ११.७ असावयास हवे. ११.७ भागिले ७.८ म्हणजे १.५. तेव्हा छायाचित्रातील प्रत्येक माप दीडपट केले की प्रतिकृतीचे माप मिळते. चित्रात पुढील पेटी ३.४ सेंटीमीटर भरली, तर लाकडात ती ५.१ धरावी. ज्या एका मापाची खात्री आहे त्याच्या आधारे न दिलेली सर्व मापे शोधता येतात, ही केवढी मोठी युक्ती आहे! नकाशावाचनात व भूमितीत पुढे हीच युक्ती पुन्हा भेटते.

सातवीच्या वर्गासाठी आणखी एक उदाहरण उपयुक्त ठरेल. मूळ मोटारीचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम आहे. लांबी वीसपट कमी झाली म्हणजे वजन वीसपट कमी होईल काय? लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही वीसपट कमी होतात. म्हणून घनफळ २० × २० × २० म्हणजे ८००० पट कमी होते. ९०० किलोस ८००० ने भागले तर ११२.५ ग्रॅम येतात. आता आपण घेतलेला खालच्या अंगाचा लाकडी ठोकळा १९.६ × ७.३ × ३.८ सेंटीमीटर, अर्थात सुमारे ५४४ घन सेंटीमीटर आहे. हलक्या लाकडाचे वजन पाण्याच्या निम्मे धरले, तर एकट्या ठोकळ्याचेच वजन सुमारे २७० ग्रॅम होते. लाकूड पोलादापेक्षा कितीतरी हलके असूनही प्रतिकृती जड का भरली? उत्तर असे की मोटार आतून पोकळ आहे. आपण जे अंग पाहतो तो केवळ पातळ पत्रा आहे. किराणा दुकानातील तराजूवर ठोकळा प्रत्यक्ष तोलून हे पडताळून पाहावे.

४. साहित्य

पाच मुलांच्या एका गटास पुढील साहित्य लागेल : शिवणीच्या किंवा तत्सम हलक्या, चांगल्या वाळलेल्या लाकडाचे दोन ठोकळे, ३ सेंटीमीटर व्यासाची चार चाके, सायकलीच्या स्पोकचे दोन तुकडे आणि स्पोक सैल फिरेल अशी बारीक नळी, लाकूडकामाचा पांढरा डिंक, खडूच्या उरलेल्या तुकड्यांची पूड, जाड व बारीक पॉलिशपेपर, पांढरे अस्तर, पाण्यात मिसळणारे पिवळे, काळे, करडे व चंदेरी रंग, चिकटपट्टी, दोन बारीक व एक रुंद कुंचला.

चाके गावच्या सुताराकडून, नंदीची करून घेतो तशीच करून घ्यावीत. ते न जमल्यास पाण्याच्या बाटलीची टोपणे चालतात. त्यांचा व्यास बहुधा तीन सेंटीमीटरच्या आसपास भरतो. मात्र तो मापूनच खात्री करावी. समोरच्या दिव्यांसाठी सदऱ्याची पांढरी बटणे आणि चंदेरी पट्ट्यांसाठी औषधाच्या गोळ्यांचे रिकामे वेष्टन उपयोगी पडते.

रंगाविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. पूर्वी पिवळ्या रंगात शिशाचे संयुग सर्रास वापरीत. शिसे शरीरात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाध येतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दर दहा लाख भागांत शिशाचे ९० हून अधिक भाग असता कामा नयेत. म्हणून डब्यावरील तसा उल्लेख वाचूनच रंग घ्यावा. कोणाच्या घरी पडून असलेला जुना डबा मुलांनी आणला तर तो नम्रपणे परत पाठवावा. तसेच जुन्या दाराखिडक्यांचे रंगविलेले लाकूड या कामास घेऊ नये. ते घासताना जुन्या रंगाची धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते.

५. घडविणे व जुळणी

करवत, पटाशी व गिरमिट ही हत्यारे शिक्षकाने किंवा सुतारानेच चालवावीत. मुलांनी रेषा आखाव्यात, कानस व पॉलिशपेपर चालवावा. घासताना नाकातोंडास रुमाल बांधावा.

पहिला ठोकळा खालच्या अंगाचा, दुसरा बैठकीचा व छपराचा. प्रथम ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंवर व वरच्या अंगावर मधोमध पेन्सिलीने एक रेषा आखावी. पुढील सर्व मापे या मध्यरेषेपासूनच घ्यावयाची. कडेपासून मापल्यास कड घासली गेली की माप हरवते. मध्यरेषा मात्र अखेरपर्यंत राहते. सुताराने ढोबळ आकार कापून दिला म्हणजे मुलांनी कडा गोल कराव्यात. दर थोड्या वेळाने दोन्ही बाजू बोटांनी चाचपून पाहाव्यात. जे डोळ्यांस दिसत नाही ते बोटांस कळते. लाकूड कमी करता येते, परंतु वाढविता येत नाही; म्हणून खुणेच्या अलीकडे थांबावे आणि शेवटचा भाग बारीक पॉलिशपेपराने घ्यावा.

चाके बसविणे हे या कामातील सर्वांत कसोटीचे ठिकाण आहे. ठोकळ्याच्या तळाशी ११.७ सेंटीमीटर अंतरावर दोन समांतर रेषा आखून त्या रेषांवर नळ्या डिंकाने चिकटवाव्यात. नळीच्या चार टोकांनी तळावर एक आयत तयार होतो. त्याचे दोन्ही कर्ण मापावेत. कर्ण समान असतील तर आस सरळ बसले; असमान असतील तर डिंक ओला आहे तोवरच नळी सरकवावी. भूमितीच्या पुस्तकात आयताचे कर्ण समान असतात हे मुलांनी वाचलेले असते; येथे त्या वाक्यावाचून गाडी चालत नाही. शेवटी एका टोकाशी थोडी उंच केलेली फळी घेऊन तिच्यावरून गाडी सोडावी आणि दोन मीटर अंतरात ती सरळ रेषेपासून किती ढळते ते प्रत्येक गटाने नोंदवावे.

६. रंगकाम

रंग म्हणजे दोष झाकण्याचे साधन, अशी मुलांची व पुष्कळ मोठ्या माणसांचीही समजूत असते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. चकाकणारा रंग लहानसा ओरखडाही दुप्पट करून दाखवितो. म्हणून रंगकामाचा निम्म्याहून अधिक वेळ रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच खर्च झाला पाहिजे.

प्रथम लांबी भरावी. खडूची पूड पांढऱ्या डिंकात मळून तिची लापशी करावी आणि लाकडाच्या भेगांत व सांध्यांत बोटाने दाबावी. पुरती वाळल्यावर बारीक पॉलिशपेपराने घासावी. नंतर पांढऱ्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. अस्तर देताच कालपर्यंत न दिसलेले खड्डे स्पष्ट दिसतात, तेव्हा मुले निराश होतात. त्यांना सांगावे की अस्तराचे कामच हे आहे. पुन्हा लांबी, पुन्हा घासणे, पुन्हा अस्तराचा हात, असे करीत जावे. येथे जो कंटाळला त्याची गाडी शेवटपर्यंत तसे सांगत राहते.

आता रंग. दोन रंगांच्या कामात फिका रंग आधी व गडद रंग नंतर, हा नियम पाळावा. पिवळा रंग काळ्यावर झाकत नाही. काळा मात्र पिवळ्यावर झाकतो. छप्पर व त्याखालील थोडा भाग पिवळा करावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. जाड हाताची वरची साय आधी वाळते, आतील रंग ओलाच राहतो आणि मग वर सुरकुत्या पडतात.

पिवळा रंग पुरता वाळल्यावर दोन रंगांच्या सीमेवर चिकटपट्टी लावावी. सीमा नेमकी कोठे येते ते छायाचित्रातच पाहावे. पट्टीची कड नखाने दाबून घ्यावी. आता येथे एक युक्ती आहे. काळा रंग देण्याआधी पट्टीच्या कडेवरून पिवळ्याच रंगाचा एक पातळ हात फिरवावा. पट्टीखाली कोठे फट राहिली असल्यास तीत पिवळा रंग शिरून ती बुजते आणि काळ्यास आत शिरावयास वाट उरत नाही. मग काळ्याचे दोन हात द्यावेत आणि दुसरा हात किंचित ओलसर असतानाच पट्टी हळूच, मागे वळवीत काढावी. पट्टी निघून सरळ रेषा प्रकट होते तो क्षण वर्गात साजरा होण्याजोगा असतो. सारी मुले त्या गटाभोवती गोळा होतात.

शेवटी काचा करड्या रंगाने व पट्ट्या चंदेरी कराव्यात. यानंतर प्रत्येक गटास आपल्या मनाची एक भर घालण्याची मोकळीक द्यावी. कोणी छपरावर सामानाची जाळी बसवील, कोणी बाहेरच्या अंगास भाडेमीटर लावील, कोणी पाटीवर आपल्या जिल्ह्याचा एमएच ३६ हा क्रमांक लिहील. मापाशी प्रामाणिक राहून मग स्वतःचे काही करणे, यात कल्पनेस पुरेसा वाव आहे.

हा पाठ दिवाळीच्या सुटीनंतर घ्यावा. पावसाळ्यातील दमट हवेत रंग दुप्पट वेळ ओला राहतो, लाकूडही फुगते. असे का सांगतो, ते आता येते.

७. मूल्यमापन

काही वर्षांपूर्वी एका केंद्रातील हस्तकलाप्रदर्शनाचा मी परीक्षक होतो. प्रदर्शन पावसाळ्यातच भरले होते. विषय हीच टॅक्सी होता आणि एकास वीस हे प्रमाण सर्व शाळांना अगोदर कळविलेले होते. मेजावर दहा-बारा गाड्या मांडलेल्या होत्या. त्यांतील एक आरशासारखी चकाकत होती. तिला मी पहिला क्रमांक दिला. टोकाशी एक गाडी होती, तिचा काळा रंग पिवळ्यात उतरला होता आणि छपरावर बोटाचा ठसा उमटला होता. तिच्याकडे मी एकदा पाहिले व पुढे गेलो.

बक्षीस-समारंभ आटोपल्यावर सातवीतील एक मुलगी ती गाडी नेण्यास आली. तिने गाडी उलटी करून चाकांची धूळ पुसली आणि मला विचारले, “साहेब, माप त बरोबर आहे ना जी?”

मी गाडी हातात घेतली. तळाशी पेन्सिलीने आखलेली मध्यरेषा होती. दोन आसांमध्ये ११.९ लिहून खोडलेले होते आणि त्याखाली ११.७ लिहिलेले होते. दोन्ही कर्णांची मापे टिपलेली होती व ती समान होती. पट्टी लावून पाहिले. लिहिल्याप्रमाणे सारे जुळत होते. मग मी पहिल्या क्रमांकाची गाडी मागवून उलटी केली. तळ कोरा होता. चाकाचा व्यास साडेचार सेंटीमीटर भरला. वीसपट केला असता मूळ मोटारीचे चाक ९० सेंटीमीटरांचे व्हावयास हवे होते. ती गाडी मुलाच्या हातची नव्हती, हे सांगावयास कोणाची गरज उरली नाही. त्यात त्या मुलाचा दोष नव्हता. चकाकीस बक्षीस मिळते हे त्यास आमच्यासारख्यांनीच शिकविले होते.

निकाल जाहीर झालेला होता. मी त्या मुलीस, “माप अगदी बरोबर आहे, चूक माझी झाली,” एवढे सांगितले. तिने मान हलविली आणि गाडी ओढणीत गुंडाळून ती निघून गेली. पुढील वर्षी मी त्या शाळेत मुद्दाम विचारले, तेव्हा ती आठवीसाठी दुसऱ्या गावी गेल्याचे कळले. माझे शब्द तिला पुरेसे वाटले की नाही, हे मला समजण्याचा मार्ग राहिला नाही. तेव्हापासून कोणतीही प्रतिकृती मी प्रथम उलटी करून पाहतो.

शिक्षकांनी या पाठाचे २० गुण पुढीलप्रमाणे विभागावेत, अशी माझी सूचना आहे : मापन व प्रमाण ६, आस, चाके व जुळणी ५, लांबी, घासकाम व अस्तर ४, रंग ३, गटाची नोंदवही २. नोंदवहीत खोडलेली मापे तशीच राहू द्यावीत. खोडलेले माप म्हणजे सुधारलेली चूक. तिचे गुण कापू नयेत. तसेच वर्गात घडलेली गाडीच ग्राह्य धरावी. लाकूड, हत्यारे व रंग शाळेतच ठेवल्यास पालकांना मोह होत नाही आणि ज्याच्या घरी साधन नाही त्या मुलाचेही नुकसान होत नाही.

८. वर्गास विचारावयाचे प्रश्न

१. प्रतिकृतीत दार ४.५ सेंटीमीटर रुंद आहे. मूळ मोटारीचे दार किती रुंद असेल?

२. एकास दहा या प्रमाणात हीच गाडी केली तर तिला लागणारे लाकूड दुप्पट होईल, चौपट होईल की आठपट? कारणासह सांगा.

३. दुसऱ्या एका छायाचित्रात आसांमधील अंतर ५.२ सेंटीमीटर भरले. त्यातील मापे कितीपट केली असता आपल्या प्रतिकृतीची मापे मिळतील?

४. पिवळ्याआधी काळा रंग दिला असता तर काय झाले असते?

५. तान्ह्या पोळ्याच्या आपल्या नंदीची लांबी, उंची व चाकाचा व्यास मापा. तो कोणत्या प्रमाणात आहे असे म्हणता येईल काय? नसल्यास का नाही?

पाचव्या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी येतील आणि ती तशी यावीत. घरी जाऊन पट्टी घेऊन नंदीपाशी बसलेले मूल हे या पाठाचे फळ आहे. पाठ घेतल्यावर प्रत्येक शाळेने गटांच्या नोंदवह्या केंद्रसंमेलनात आणाव्यात. गाड्याही अवश्य आणाव्यात, मात्र त्या मेजावर उलट्या मांडाव्यात.